ओडेनवाल्डच्या डोंगरउतारांवरील गोल्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रांकफुर्ट, डार्मश्टाट, मानहाइम आणि वाल्डॉर्फ या पट्ट्यात नोकरीनिमित्त राहणारी मराठी मंडळी, तसेच उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून मुलांकडे येणारे त्यांचे आईवडील, आमच्या भागातील गोल्फविषयी मला सातत्याने विचारत असतात. मी गेली अनेक वर्षे ओडेनवाल्डमध्ये खेळतो. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत आणि नियमांमधील गुंतागुंतीचे प्रश्न शेवटी आहेत.

1. पार्कलँड कोर्स म्हणजे नेमके काय?

समुद्रकाठच्या वालुकामय, झाडे नसलेल्या आणि वाऱ्याच्या माऱ्यातील कोर्सला लिंक्स म्हणतात. त्याउलट समुद्रापासून दूर, हिरवळीने झाकलेल्या आणि झाडांच्या रांगांमधून जाणाऱ्या कोर्सला पार्कलँड म्हणतात. आमच्याकडे फेअरवेच्या, म्हणजे चेंडू मारत पुढे जाण्यासाठी राखलेल्या छाटलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, दोन्ही बाजूंस बीच, ओक आणि स्प्रूसची झाडे असतात, तर गावाच्या बाजूला जुन्या सफरचंदांच्या बागा कोर्सला खेटून उभ्या असतात. लिंक्सवर चेंडू कडक जमिनीवरून लांब घरंगळत जातो. येथे मऊ गवत त्याला लवकर थांबवते, मात्र हे सपाट जागेपुरतेच खरे आहे. उतारावर काय होते ते प्रश्न 20 मध्ये पाहावे.

2. ओडेनवाल्ड नक्की कुठे आहे, आणि तेथील कोर्स कितपत डोंगराळ आहेत?

ऱ्हाइन, माइन आणि नेकार या तीन नद्यांच्या मधला हा डोंगराळ प्रदेश आहे. त्याचा मोठा भाग हेसन राज्यात असून उरलेला बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बायर्न या राज्यांत येतो. काट्झेनबुकेल हे त्याचे सर्वोच्च शिखर 626 मीटर उंच आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु गोल्फमध्ये शिखराच्या उंचीला फारसे महत्त्व नसते. प्रत्येक होलवर, म्हणजे चेंडू ज्या खड्ड्यात टाकायचा तेथपर्यंतच्या टप्प्यात, किती चढउतार करावा लागतो, यावर दमछाक ठरते. वाल्डॉर्फजवळचा, 2015 मध्ये सोल्हाइम कप ही महिला गोल्फची सांघिक स्पर्धा झालेला सांक्ट लेऑन-रोटचा कोर्स ऱ्हाइनच्या सपाट खोऱ्यात आहे. तेथे आरामात खेळणारे माझे मित्र ओडेनवाल्डमधील पहिल्या नऊ होलनंतरच पाणी मागतात.

3. मी आजवर स्टिक हातात धरलेली नाही. थेट जाऊन पैसे भरून खेळता येईल का?

मोठ्या कोर्सवर येणार नाही. जर्मनीत त्यासाठी ‘प्लात्सराइफे’ नावाची पात्रता लागते. तिच्यात नियम व शिष्टाचार यांची लेखी परीक्षा आणि प्रशिक्षकासोबत प्रत्यक्ष खेळण्याची चाचणी असते. बहुतेक क्लब काही दिवसांचे सलग वर्ग घेऊन ही तयारी करून देतात, आणि उत्तीर्ण झाल्यावर आपला प्रवास 54 या सर्वांत मोठ्या हँडिकॅपने, म्हणजे खेळाडूला मिळणाऱ्या जादा फटक्यांच्या आकड्याने, सुरू होतो. भारतातून आलेल्यांना ही अट जाचक वाटते, तरी मी तिच्या बाजूने आहे. अरुंद दरीत खाली लोक चालत असताना चेंडू कधी मारू नये, हे आधी शिकलेलेच बरे. पात्रता नसताना सराव मैदानावर, म्हणजे ड्रायव्हिंग रेंजवर, आणि अनेक ठिकाणी लहान सार्वजनिक कोर्सवर खेळता येते.

4. मी पुण्यातील क्लबचा सदस्य आहे आणि माझा अधिकृत हँडिकॅप आहे. मलाही प्लात्सराइफे द्यावी लागेल का?

सामान्यतः नाही. 2021 पासून जर्मनीतही जागतिक हँडिकॅप पद्धत लागू आहे आणि भारतातही तीच चालते, त्यामुळे आपला हँडिकॅप येथे ग्राह्य धरला जातो. आपल्या क्लबचे सदस्यत्व व हँडिकॅप दाखवणारे प्रमाणपत्र येथील क्लबच्या कार्यालयास आधी ईमेलने पाठवावे आणि उत्तराची प्रत जवळ ठेवावी. शनिवार-रविवारी काही क्लब विशिष्ट मर्यादेपेक्षा मोठ्या हँडिकॅपच्या पाहुण्यांना प्रवेश देत नाहीत, म्हणून तेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.

5. खर्च किती येतो? सदस्यत्व घ्यावेच लागते का?

पाहुण्यांनी एका फेरीसाठी भरावयाच्या शुल्काला ग्रीनफी म्हणतात. या भागात 18 होलसाठी कामाच्या दिवशी ते साधारणपणे 50 ते 90 युरोंच्या दरम्यान असते आणि सुट्टीच्या दिवशी वाढते. महिन्यातून एकदोनदाच खेळणाऱ्याने घाईने वार्षिक सदस्यत्व घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लबचे सदस्य नसलेल्या खेळाडूंसाठी जर्मनीत 1993 पासून एक स्वतंत्र संघटना आहे. ‘फाऊ-त्से-गे’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते, आणि तिच्यामार्फत हँडिकॅप ठेवून ग्रीनफी भरत विविध कोर्सवर खेळता येते. आठवड्यातून एकदा खेळू लागलात की जवळच्या क्लबचे सदस्यत्व परवडू लागते.

6. गाडी नसेल तर पोहोचता येते का?

येते, पण वेळापत्रक पाहून निघावे लागते. डार्मश्टाटहून मिशेलश्टाट, एरबाख आणि पुढे नेकारकाठच्या एबरबाखपर्यंत ओडेनवाल्डबान ही रेल्वे जाते. गाडीत गोल्फची बॅग नेण्यास अडचण नसते. खरी अडचण स्थानकापासून कोर्सपर्यंतच्या शेवटच्या काही किलोमीटरांची असते, कारण रविवारी खेड्यांतील बस फार विरळ असतात. क्लबमध्ये फोन करून विचारल्यास त्याच वेळेस खेळणारा एखादा सदस्य स्थानकावर घ्यायला येतो, असा अनुभव मला एकाहून अधिक वेळा आला आहे.

7. कॅडी मिळतो का?

नाही. भारतात खेळायला शिकलेल्यांना सर्वांत मोठा फरक येथेच जाणवतो. बॅग उचलणारा, चेंडू कुठे पडला ते पाहणारा, ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचा, उतार सांगणारा आणि बंकर नावाच्या खड्ड्यातील वाळू सारखी करणारा कॅडी येथील रोजच्या खेळात नसतो. ही सर्व कामे आपणच करायची असतात. बंकरमधून बाहेर पडताना दाताळ्याने आपली पावले पुसावीत, उखडलेला गवताचा तुकडा परत जागी बसवून पायाने दाबावा आणि ग्रीनवर चेंडू आदळून पडलेला खड्डा दोन दातांच्या छोट्या काट्याने कडेकडून आत लोटत बुजवावा. खड्डा खालून वर उचकटला तर मुळे तुटतात आणि ती जागा कित्येक दिवस तपकिरी राहते. बॅगेसाठी हाताने ढकलण्याची किंवा बॅटरीवर चालणारी ट्रॉली भाड्याने मिळते, आणि चढाच्या कोर्सवर बॅटरीच्या ट्रॉलीवर खर्च केलेले पैसे वसूल होतात.

8. माझे वडील 68 वर्षांचे आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

नऊ होल झेपतील. 18 होलचा आग्रह धरू नये. अठरा होलच्या फेरीत चालणे सहज आठ-नऊ किलोमीटरांचे होते, आणि दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त छळतो. दोन आसनी बग्गी भाड्याने मिळते, पण तिची संख्या थोडी असते, म्हणून ती वेळेसोबतच आरक्षित करावी. पावसानंतर ओल्या उतारावर चाके घसरतात, त्यामुळे अशा दिवशी क्लब बग्ग्या बंद ठेवतात आणि आरक्षण असले तरी ती मिळत नाही. बग्गी उतारावर आडवी कधीही चालवू नये, ती आखलेल्या वाटेनेच न्यावी. वडिलांना पायी यायचे असल्यास वरच्या अंगाला असलेले नऊ होल कोणते, हे कार्यालयात विचारावे, कारण बहुतेक कोर्सवर एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा बराच सौम्य असतो.

9. कपडे कोणते घालावेत?

कॉलरचा टीशर्ट आणि साधी पँट किंवा गुडघ्यापर्यंतची चड्डी चालते. जीन्स अनेक क्लबमध्ये चालत नाही. बुटांना धातूचे नव्हे, तर मऊ प्लास्टिकचे खिळे असावेत आणि उतारासाठी ते झिजलेले नसावेत.

कपड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोचीड. ओडेनवाल्डचा मोठा भाग गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या जोखमीच्या क्षेत्रात मोडतो, आणि लाइम रोगही गोचिडीमुळेच होतो. गोचीड झाडावरून अंगावर पडत नाही. उंच गवताच्या आणि झुडपांच्या टोकाला ती बसलेली असते आणि आपण घासून गेलो की चिकटते. चेंडू शोधायला आपण नेमके अशाच गवतात शिरतो. तेथे लांब पँट घालून पायमोजे तिच्यावर ओढावेत आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, जांघेत व काखेत नीट पाहावे. मेंदूज्वरावर तीन मात्रांची लस आहे. येथे राहणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांशी तिच्याविषयी जरूर बोलावे.

10. आम्ही शाकाहारी आहोत. क्लबच्या उपाहारगृहात काय मिळेल?

ओडेनवाल्डचे खरे स्थानिक खाणे शाकाहाऱ्यांसाठी सोयीचे आहे. ‘कोखकेझे’ म्हणजे शिजवलेले मऊ, किंचित ताणले जाणारे चीज, बहुधा शहाजिरे घातलेले, पावासोबत मिळते. मात्र ‘कोखकेझे-श्निट्झेल’ मागवू नये. त्यात चीजखाली मांसाचा तुकडा असतो. ‘केझेश्पेट्झ्ले’ या चीज घातलेल्या मऊ शेवयांमध्ये मांस नसते पण अंडे असते, आणि ‘फ्लामकूखेन’ हा पातळ पिझ्झासारखा पदार्थ बेकनशिवाय करून देण्याची विनंती करावी लागते.

11. कोणत्या महिन्यांत खेळावे?

एप्रिल ते ऑक्टोबर हा मुख्य हंगाम आहे. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे कार्यालय सुटल्यावरही नऊ होल आरामात होतात. मला स्वतःला सप्टेंबरची सकाळ सर्वांत आवडते. दरीत धुके साचलेले असते, ग्रीनवरचे दव अजून मोडलेले नसते आणि पहिल्या पट्टनंतर, म्हणजे ग्रीनवरून होलकडे मारलेल्या हलक्या फटक्यानंतर, चेंडूने दवात ओढलेली गडद रेघ त्याचा पूर्ण वळसा दाखवते. हिवाळ्यात गवत गोठलेले असताना त्यावर पाय पडला की पाती मोडतात आणि वसंतापर्यंत तेथे बुटांचे ठसे काळे दिसतात. म्हणून गोठलेल्या दिवसांत मुख्य ग्रीन बंद ठेवून फेअरवेवर तात्पुरत्या हिवाळी ग्रीन आखतात. सावलीतील उतारावरचे दवबर्फ दुपारपर्यंत वितळत नाही, त्यामुळे शहरात ऊन असले तरी निघण्यापूर्वी फोन करावा.

12. येथील अंतरे मीटरमध्ये आहेत. चढावर आणि उतारावर स्टिक कशी निवडावी?

भारतात यार्डांची सवय असलेल्यांनी लक्षात ठेवावे की 150 मीटर म्हणजे 164 यार्ड. हा फरक विसरला तर सपाटीवरही चेंडू एक स्टिक कमी पडतो. त्यानंतर उंचीचा हिशेब करावा. ढोबळ नियम असा की ग्रीन जितके मीटर वर असेल तितके अंतरात मिळवावे आणि जितके खाली असेल तितके वजा करावे. 160 मीटरवरील ग्रीन 15 मीटर वर असेल, तर 175 मीटरचा फटका हवा. 130 मीटरवरील ग्रीन 20 मीटर खाली असेल, तर 110 पुरे.

माझ्या पहिल्या वर्षी चढावरच्या एका ग्रीनसमोर मी सलग तीन फटके मारले. तिन्ही वेळा चेंडू ग्रीनच्या पुढच्या कडेला टेकला, क्षणभर थांबला आणि सावकाश घरंगळत माझ्या बुटांपाशी परत आला. चौथ्या वेळी सोबतच्या वृद्ध सदस्याने काही न बोलता माझ्या हातात एक मोठी स्टिक ठेवली. तेव्हापासून चढावर मी नेहमी ग्रीनच्या मागच्या भागाचा नेम धरतो. अंतरदर्शक खुंट कुठे ग्रीनच्या कडेपर्यंतचे तर कुठे मध्यापर्यंतचे अंतर सांगतात, हे स्कोअरकार्डवर पाहून घ्यावे.

13. उंचीचा फरक मोजणारे रेंजफाइंडर वापरता येते का?

सरावासाठी वाटेल तसे वापरावे. स्पर्धेत आणि हँडिकॅपसाठी मोजल्या जाणाऱ्या फेरीत केवळ अंतर मोजण्यास परवानगी आहे; उंचीचा फरक मोजणे नियम 4.3 नुसार निषिद्ध आहे. यंत्रातील ती सोय बंद करता येत असेल, तर बंद करून तेच यंत्र वापरता येते. म्हणूनच प्रश्न 12 मधील हिशेब डोळ्यांनी करण्याची सवय लावावी.

14. उतारावर उभे राहिल्यावर माझे सर्व फटके भलतीकडे का जातात?

उतार आपला नेम बदलतो आणि आपण मात्र सपाटीसारखाच नेम धरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा वर असेल तर फटका डावीकडे वळतो, कारण स्टिकचा चेहरा डावीकडे झुकतो. अशा वेळी स्टिक थोडी खाली धरून उजवीकडे नेम घ्यावा. चेंडू पायांपेक्षा खाली असेल तर तो उजवीकडे जातो. तेथे गुडघे अधिक वाकवून फटका पूर्ण होईपर्यंत तसेच ठेवावे लागतात, आणि बहुतेकांची चूक नेमकी येथे होते. समोर चढ असेल तर खांदे चढाला समांतर ठेवावेत. चेंडू उंच जातो आणि कमी अंतर कापतो. समोर उतार असेल तर तो खालून, सपाट जातो आणि जास्त घरंगळतो. ताकद वाढवून यातील काहीही सुधारत नाही. अर्ध्या-पाऊण जोराचा, तोल सांभाळून मारलेला फटकाच येथे उपयोगी पडतो, आणि डोंगराळ कोर्सवर साठीचे खेळाडू तिशीतल्यांना हरवतात त्याचे कारण हेच आहे.

15. माझा हँडिकॅप 36 आहे. येथे कार्यालयाने मला 41 फटके दिले. ही चूक आहे का?

नाही. प्रत्येक कोर्सच्या प्रत्येक टीला, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या जागेला, 55 ते 155 मधील एक ‘स्लोप’ आकडा दिलेला असतो आणि 113 हा प्रमाण मानलेला आहे. सामान्य खेळाडूला तो कोर्स निष्णात खेळाडूच्या तुलनेत किती अधिक जड जातो, हे त्यातून कळते. येथे स्लोप शब्दाचा थेट अर्थ डोंगराचा उतार असा नाही, तरी चढउतार आणि तिरकी जमीन यांचा विचार त्या मूल्यांकनात होतो. हँडिकॅपला स्लोपने गुणून 113 ने भागायचे आणि त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणारे अपेक्षित फटके) व पार (कोर्ससाठी ठरवलेले प्रमाण फटके) यांतील फरक मिळवायचा. स्लोप 130 असेल आणि रेटिंग पारइतकेच असेल, तर 36 चे 41 होतात.

16. फेअरवे ओलांडून माणसे चालत जात होती. ते कसे चालते?

ओडेनवाल्डमध्ये जुन्या पाऊलवाटा कोर्सच्या आधीपासून आहेत आणि काही कोर्समधून त्या सरळ जातात. चालणाऱ्यांना प्राधान्य आहे. ते टप्प्याबाहेर जाईपर्यंत थांबावे, आणि चेंडू चुकून त्यांच्या दिशेने गेला तर क्षणाचाही विलंब न लावता मोठ्याने ‘फोर’ ओरडावे. येथे राहणाऱ्यांकडे खासगी दायित्व विमा बहुधा असतोच. भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या प्रवास विम्यात तो अंतर्भूत आहे का, हे निघण्यापूर्वी तपासावे.

17. भोंगा वाजला तर काय करायचे?

एक लांब भोंगा म्हणजे खेळ तत्काळ थांबवणे. त्यानंतर पट्टसुद्धा मारता येत नाही. तीन लहान भोंगे म्हणजे चालू होल पूर्ण करून थांबणे आणि दोन लहान म्हणजे पुन्हा सुरुवात. उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगराआडून ढग फार लवकर वर येतात, म्हणून गडगडाट ऐकू येताच भोंग्याची वाट न पाहता थांबण्याचा अधिकार आपल्याला आहे. एकट्या झाडाखाली कधीही आसरा घेऊ नये.

18. रानडुकरांनी उकरलेल्या जागेत चेंडू गेला. दंडाशिवाय बाहेर काढता येतो का?

शरद ऋतूत रानडुकरे जमिनीतील अळ्या शोधत एका रात्रीत फेअरवेचा मोठा पट्टा नांगरल्यासारखा उलथवून टाकतात. सकाळी गवताची उलटी पडलेली ढेकळे पाहून ग्रीनकीपर मंडळींना किती वाईट वाटते, हे मी जवळून पाहिले आहे. अशी जागा क्लबने निळ्या खुंटांनी दुरुस्तीखालील म्हणून आखली असेल, तर विनादंड सुटका मिळते. आखलेली नसली तरी प्राण्याने उकरलेला खड्डा नियम 16.1 मध्ये येतो: सुटकेचा सर्वांत जवळचा बिंदू शोधून, होलच्या जवळ न जाता, एका स्टिकच्या लांबीत चेंडू ड्रॉप करावा, म्हणजे हातातून खाली सोडावा. पेनल्टी क्षेत्रात, म्हणजे लाल किंवा पिवळ्या खुंटांनी आखलेल्या ओढ्या-तळ्यांसारख्या जागेत, मात्र ही सवलत नाही. हरणाच्या खुराचा सुटा ठसा हा खड्डा मानला जात नाही, म्हणून फेअरवेवर त्यातूनच खेळावे लागते. तोच ठसा ग्रीनवर असेल तर तो दुरुस्त करता येतो.

19. लाल खुंटाचे टोक हिरवे होते. त्याचा अर्थ काय?

तेथे प्रवेशबंदी आहे. ओढ्याकाठचे पाणथळ गवत, जुनी झुडपे किंवा पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा अशा रीतीने राखल्या जातात. चेंडू डोळ्यांसमोर दिसत असला तरी आत शिरून तो आणू नये आणि खेळू तर मुळीच नये. नियमानुसार बाहेर सुटका घ्यावीच लागते. जर्मन गोल्फ महासंघ निसर्गसंवर्धनासाठी क्लबना कांस्य, रौप्य आणि सुवर्ण प्रमाणपत्रे देतो, आणि आपण ही टोके पाळतो तेव्हाच त्या प्रमाणपत्रांना अर्थ राहतो.

20. चेंडू थांबला होता. मी जवळ पोहोचण्यापूर्वी तो आपोआप घरंगळला. मला दंड आहे का?

नाही. वाऱ्याने किंवा उतारामुळे हललेला चेंडू नव्या जागेवरून विनादंड खेळावा, मग ती जागा सोयीची असो वा नसो. तो आपल्या स्टिकच्या स्पर्शाने हलला असेल, तर ग्रीनबाहेर एका फटक्याचा दंड बसतो आणि चेंडू मूळ जागी ठेवावा लागतो.

ग्रीनवर एक अपवाद आहे. चेंडू एकदा खूण करून उचलला आणि परत ठेवला असेल, तर त्यानंतर तो कशानेही हलला तरी पूर्वीच्याच जागी परत ठेवायचा. त्यामुळे उतरत्या ग्रीनवर पोहोचताच खूण करून चेंडू उचलण्याची सवय फायद्याची आहे. तिचा तोटा एकच: असा परत ठेवलेला चेंडू नंतर वाऱ्याने होलमध्ये पडला तरी तो बाहेर काढून ठेवावा लागतो. न उचललेला चेंडू तसाच पडला असता, तर आधीच्या फटक्यात होल पूर्ण झाले असे धरले गेले असते.

21. सुटका घेताना ड्रॉप केलेला चेंडू उतारावर थांबतच नाही. आणि थांबून नंतर ओढ्यात गेला तर?

चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सरळ खाली सोडावा. तो सुटकेच्या क्षेत्राबाहेर घरंगळला तर दुसऱ्यांदा सोडावा. दुसऱ्यांदाही बाहेर गेला, तर दुसऱ्या वेळी तो जमिनीला जेथे प्रथम टेकला तेथे हाताने ठेवावा. तेथेही थांबला नाही तर त्याच जागी पुन्हा एकदा ठेवून पाहावे आणि तरीही न थांबल्यास, होलच्या जवळ न जाता, जेथे तो थांबेल अशा सर्वांत जवळच्या जागी ठेवावा.

थांबल्यानंतर घरंगळण्याचा प्रश्न 2023 च्या नियमबदलाने सुटला. ड्रॉप केलेला, ठेवलेला किंवा परत ठेवलेला चेंडू स्थिर झाल्यावर उतारामुळे कोर्सच्या दुसऱ्या क्षेत्रात, म्हणजे ओढ्याच्या पेनल्टी क्षेत्रात किंवा बंकरमध्ये, अथवा पांढऱ्या खुंटांच्या, म्हणजे कोर्सच्या हद्दीच्या, बाहेर गेला, तर तो विनादंड पूर्वीच्या जागी परत ठेवावा. तो त्याच सर्वसाधारण क्षेत्रात, म्हणजे फेअरवे व भोवतालच्या गवतात, खाली जाऊन थांबला, तर मात्र प्रश्न 20 चा मूळ नियम लागू होतो आणि खालूनच खेळावे लागते. स्पर्धेत या दोहोंपैकी कोणती स्थिती आहे याविषयी शंका आली, तर चेंडू उचलण्यापूर्वी सोबतच्या खेळाडूला बोलावून त्याची जागा दाखवावी.